काळं म्हणजे पाणी

ठमीला आंघोळीआधी तेल लावायचं काम सासूबाईंचं, आणि समोर बसून बघायचं काम माझं. रंभाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नातीसाठी म्हणून भिवापूरहून नागपूरला आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. न्हाणीघरात पाय लांब करून बसत, दोन्ही नडग्यांच्या मधे पोरीला उताणी घेत आणि कोमट तेलानं छातीपासून खाली चोळत येत. त्या हिवाळ्यात, १९८५च्या, एक दिवस मला दिसलं की त्यांचा तळवा पोटावरून उतरताना उजव्या बरगडीखाली एका जागी किंचित अडखळतो. अगदी किंचित. रोज तो हात बघत नसते तर कळलंही नसतं.

पोर झोपल्यावर मी त्या जागी बोट लावलं. आत कड होती. पुठ्ठ्याची असते तशी, पातळ आणि टणक.

मी बॉलपेननं तिच्या पोटावर एक निळी रेघ ओढली. तेलपाण्यानं ती पुसट व्हायची, मी पुन्हा गिरवायची. संक्रांत आली तेव्हा कड रेघेच्या खाली उतरली होती.

"तू पोरीचा सर्व्हे करून राहिली काय?" मनोहर म्हणाला. माझा नवरा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. "सांग, उद्या लाल झेंडी आणून देतो रोवायला."

"हात लावून बघ."

त्यानं हात लावला. मग झेंडीचं काही बोलला नाही.

ठमी सव्वा वर्षाची होती. पाळण्यातलं नाव जिजा, पणजीचं, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारली नाही. ती किरकिरी झाली होती, रात्री दचकायची, उभी राहायला शिकली होती ते सोडून पुन्हा बसायला लागली होती. पोट मात्र गोल. शेजारच्या कौशल्याबाई म्हणायच्या, "खात्यापित्या घरची हाय, दिसते." मला ते पोट खाल्ल्यापिल्ल्याचं वाटत नव्हतं.

धंतोलीत मुलांच्या डॉक्टर होत्या, सुभद्रा घाटे. पन्नाशीच्या, आवाज कोरडा. निळी रेघ पाहून त्या हसल्या नाहीत. बोटं गरम करून घेतली, डोळे मिटून पोट चाचपलं आणि रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या भेटीत मला म्हणाल्या, "वरचं दूध कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून. मला टायफॉइड झाला, अंगावरचं आटलं."

"कुणाचं?"

"गाईचं. गवळी घरी आणून देतो."

"तापवता कशात?"

इतक्या दिवसांत लोकांनी मला दात, जंत, दृष्ट, सगळं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"पितळेच्या गंजात. सासूबाईंचं जुनं पातेलं आहे. तिचं दूध वेगळं ठेवतात त्या, सकाळचं संध्याकाळपर्यंत त्यातच असतं."

"कल्हई आहे?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

गंज रोज बघत होते मी, बाहेरून.

घाटेबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. लिव्हर वाढलंय, कडक झालंय. एवढ्या लहान मुलांमधे हे दुखणं आपल्या देशात फार दिसतं. तिकडे पुण्याचे काही डॉक्टर म्हणताहेत की तांब्यापितळेच्या भांड्यातल्या दुधानं होतं, तांबं लिव्हरमधे साठतं. सगळ्यांना पटलंय असं नाही. मला पटायला लागलंय. आजपासून दूध स्टीलमधे."

"तेच आहे हे नक्की कसं कळेल?"

"सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढायचा. पण हिचं रक्त गोठायला उशीर लागतोय. आज सुई घातली आणि रक्त थांबलं नाही, तर मी काय करू? तेव्हा सुई नंतर. आधी न टोचता जेवढं बघता येईल तेवढं बघू. सोनोग्राफी करून घ्या."

"ती तर गरोदर बायकांची ना?"

"आईच्या पोटातलं बाळ दिसतं, तर बाळाच्या पोटातलंही दिसेल की." त्या पहिल्यांदा जरा हसल्या, आणि लगेच थांबल्या. "मला मुख्य एक कळायला हवंय. पोटात पाणी झालंय का. पुष्कळ असलं तर हाताला लागतं, थोडं असलं तर नाही लागत. पाणी नसेल तर एक औषध आहे, शरीरातलं तांबं लघवीवाटे काढणारं. वेळेत दिलेली मुलं सुधारली आहेत. पाणी झालं असेल तरी औषध देऊच. पण मग मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून स्पष्ट बोलते."

सोमवारची वेळ मिळाली. तो शुक्रवार होता.

घरी येऊन मी पहिल्यांदा काय केलं, तर चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, गंज उतरवला आणि स्टीलचं पातेलं चढवलं. सासूबाई पान जमवत बसल्या होत्या. अडकित्ता थांबला.

"काहून वं शामले, गंज काहून उतरवला?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आई. पितळेतलं दूध ठमीला बाधत असेल."

"पितळेतलं? आन् स्टीलमधी दूध खाली लागते, त्याचं काय? त्या जर्मनच्या भांड्यात तापवलं असतं त मी बी म्हटलं असतं, बाधलं. मी त कोण्याच्या हाती देत नाई थो गंज. रोज चिचेनं घासतो, राखुंडीनं घासतो. सोन्यावानी लखलख करते!"

"कल्हई किती दिवसांपूर्वी केली होती?"

"दुधाले कायले लागते कल्हई? आंबट असलं का कळकते. ताक कळकते, वरण कळकते. दूध नाई कळकत. एवढं त भिवापुरातली अडाणी बाई बी जाणते. मी कधी पितळेत दही लावलं काय? सांग."

नव्हतं लावलं. त्या बाबतीत त्या फार कडक होत्या. आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही मला म्हणता येईना, कारण कळकलेलं एका घोटात जिभेला कळतं आणि ते दूध मी स्वतः चाखून द्यायचे. गोडच असायचं. मग तांबं त्यात जातं तरी कसं?

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं. लग्नानंतर त्या डिग्रीनं कपड्यांवरचे हळदीचे डाग काढले, दुसरं काही नाही. शनिवारी मनोहरला इतवारीच्या बाजारातून नवसागर आणायला लावला. सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना होताच. नवसागर आणि चुना एकत्र आले की अमोनिया सुटतो, आणि पाण्यात पुरेसं तांबं असलं तर अमोनियानं ते निळं होतं. कॉलेजात हे आम्ही परीक्षानळीत करायचो. इथे मी शनिवारी रात्री गंजात लिंबाचं पाणी ठेवलं, सकाळी ते काढून गंज धुतला आणि दुपारपर्यंत दूध ठेवलं. मग काचेचे दोन पेले घेतले. एकात लिंबाचं पाणी, एकात दूध.

"माहा चुना कायले नेऊन राहिली?" सासूबाई मागोमाग आल्या.

"गंमत दाखवते."

नवसागर पडला आणि असा भपकारा सुटला की मनोहर बाहेरच्या खोलीतून ओरडला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "बाप्पा! गोठ्यावानी वास येऊन राहिला घरात! पोरीले बाहेर न्या रे कोणी."

लिंबाचं पाणी गाळून पाहिलं. निळसर होतं. खिडकीशी धरलं तर चांगलंच निळं.

"हे बघा, आई. हे तांबं. गंजातलं."

त्यांनी पेला निरखला. मग मला निरखलं. "लिंबू कोण पाजते वं पोरीले?"

"हो, पण..."

"लिंबू त कळकतेच. हे मीच सांगतलं तुले, परवा. त्यात तू काय नवं केलं? दुधाचं दाखव."

दुधाचा पेला पांढरा होता. मी आणखी चुना घातला. पांढरा. उजेडात धरला, हलवला, थांबले. पांढराशुभ्र.

"झाली तुही शाळा?" म्हणत त्या वळल्या. मनोहर दारात उभा राहून हसत होता, "सर्व्हे फेल," म्हणाला, आणि मलाही हसू आलं, पण डोक्यातून ते जाईना. लिंबानं तांबं निघतं हे दिसलं. दुधात ते असेल आणि मला दिसत नसेल, की नसेलच? न दिसणं म्हणजे नसणं का? सोमवारी पोरीच्या पोटाचंही हेच असणार होतं.

मी पेले विसळत होते. सासूबाई गंज घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या, तो तिरपा करून आत बघत. मीही वाकून पाहिलं. कल्हई गळ्यापाशी तेवढी उरली होती, लुगड्याच्या रुपेरी काठासारखी. खाली सगळं पिवळं, घासून घासून गुळगुळीत.

"मनोहर याच गंजातलं दूध पेला," त्या म्हणाल्या, माझ्याशी की गंजाशी कोण जाणे. "त्याले त काई झालं नाई."

मी पेले पालथे घातले.

"पण थो त तीन वर्षं माह्या अंगावर होता. वरचं दूध त्यानं पेलं कोठी तेवढं." बाहेर ठमी किरकिरत होती, मनोहर तिला काहीतरी वाजवून दाखवत होता. "जयवंताच्या अंगावर दूध नव्हतं."

जयवंता ही माझी नणंद. तिचा पहिला मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला, माझं लग्न व्हायच्या आधी. पोट फुगलं, मग पिवळा झाला, एवढंच मला सांगितलं होतं. तो आजीपाशी वाढत होता हे मला त्या दुपारी कळलं. सासूबाईंनी ते वेगळं करून सांगितलं नाही. गंज पालथा घातला, फळीवर चढवला आणि हात पुसत म्हणाल्या, "सोमवारी मी बी येतो."

रामदासपेठेत एका बंगल्याच्या तळमजल्यावर ते सोनोग्राफीचं सेंटर होतं. डॉक्टर रुपराव ढोबळे, तरुण, मुंबईहून शिकून नुकतेच आलेले. बाहेरच्या बाकावर सगळ्या गरोदर बायका. सासूबाईंच्या मांडीवर ठमीला पाहून एकीनं मला विचारलं, "दुसरं काय वं बाई? लवकरच घेतलं."

"माझं नाही, हिचं आहे," मी ठमीकडे बोट दाखवलं. ती बाई घाबरून बाकाच्या टोकाला सरकली.

आतली खोली थंड आणि अंधारी. एसी होता, पण तो मशीनसाठी, असं तिथल्या आयाबाईंनी सांगून टाकलं. चाकांवर ठेवलेलं एक कपाट, त्याला लहान पडदा, आणि वायरीला जोडलेला एक मुठीएवढा ठोकळा. ठमीला सकाळपासून दूध दिलेलं नव्हतं. टेबलावर निजवून थंड जेली पोटाला लागली मात्र, तिनं जी किंकाळी फोडली ती रस्त्यावर गेली असेल. मी पाय धरले, आयाबाईंनी हात धरले. पडद्यावर पांढरे ढगच ढग.

"रडताना हवा गिळतेय," डॉक्टर म्हणाले. "हवेला आवाज लागला की तिथूनच परत फिरतो. मागचं काही दिसत नाही."

"आवाज? कुठला आवाज?"

"याच्यातून निघतो. आपल्याला ऐकू येत नाही इतका बारीक. विहिरीत ओरडलं की परत येतो ना, तसा आतल्या प्रत्येक गोष्टीवर आपटून परत येतो. मशीन त्या 'ओ'वरून चित्र काढतं." त्यांनी पुन्हा ठोकळा टेकवला, पुन्हा किंकाळी. त्यांनी हात काढून घेतला. "नाही होत. झोपेचं औषध देऊन करतात, पण हिच्या लिव्हरचा भरवसा नाही, मी नाही देणार. पुढच्या सोमवारी पाहू? घरून झोपवून आणा."

पुढचा सोमवार. कड रेघेच्या खाली जात होती, आणि आणखी एक आठवडा ते औषध आशेनं द्यायचं की नुसतंच, हे न कळता काढायचा. मी काही बोलणार तोच मागून आवाज आला.

"सरका जी जरासे."

सासूबाई चप्पल काढून फरशीवर बसल्या होत्या. भिंतीला पाठ, पाय लांब, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. "आण वं तिले इकडं."

"मावशी, खाली नाही करता येत," डॉक्टर म्हणाले.

"काहून? तुमची वायर पुरत नाई?"

डॉक्टरांनी वायरीकडे पाहिलं. आयाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आन् ते तुमचं पांढरं लोणी नका लावू. बरफ हाय नुसता. तेल नाई चालत?"

"तेल..." डॉक्टर जरा थांबले, मग हसलेच. "चालतं की. सुरुवातीला सगळे तेलच वापरायचे. मधे हवा राहू नये एवढंच पाहिजे."

तेलाची बाटली सासूबाईंच्या पिशवीत होतीच. लेकरू घेऊन त्या बाटलीवाचून उंबरा ओलांडत नसत. ठमीला मी त्यांच्या नडग्यांवर ठेवलं. त्यांनी तळहातावर तेल घेतलं, चोळून गरम केलं आणि रोजच्यासारखा छातीवरून हात खाली आणला. तोंडानं काहीतरी हुं हुं चाललं होतं. दोनतीन वेळा हात फिरला तशी ठमीची मूठ सुटली. हुंदके लांब लांब होत गेले. डॉक्टरांनी मशीन ढकलत जवळ आणलं, मांडी घालून फरशीवर बसले, आणि सासूबाईंचा हात वर गेला की त्याच्या मागून ठोकळा अलगद टेकवला. ठमीला वाटलं असेल, आजीचाच हात.

ढग फाटले. पडद्यावर पंख्याच्या आकाराचा एक करडा तुकडा उघडला, त्यात हलणारं, श्वासाबरोबर वरखाली होणारं काहीतरी.

"हे लिव्हर."

"काळीज," सासूबाई म्हणाल्या. पडद्याकडे बघत नव्हत्या, पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मोठं आहे. आणि चांगलं लिव्हर असं नसतं, खव्यासारखं एकसारखं दिसतं. हे रव्यासारखं दिसतंय. जाडसर. पांढरट. कडक झालं की जास्त ओ देतं."

मला भीती वाटायला हवी होती, वाटतही होती, पण त्याच वेळी मी पुढे पुढे सरकत जवळजवळ डॉक्टरांच्या खांद्यावर आले होते. जे मी बोटानं बाहेरून चाचपत होते त्याची आतली बाजू समोर होती. माझ्या रेघेच्या आतली बाजू.

"आणि काळं?" मी विचारलं. "मधे मधे काळं आहे ते?"

"काळं म्हणजे पाणी. पाण्यातून आवाज सरळ पुढे निघून जातो, ओ देत नाही. म्हणून काळं."

त्याच क्षणी ठोकळा सरकला आणि पडद्यावर बोटाच्या पेराएवढा काळाकुट्ट डाग आला. माझा हात आपोआप सासूबाईंच्या खांद्यावर गेला.

"ते..."

"पित्ताची पिशवी," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तिथे काळंच हवं. उपाशी आहे ना, भरलीय. आणि ही रक्तवाहिनी, आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेते. मोकळी आहे. चांगलं आहे. ही पानथरी, स्प्लीन. थोडी वाढलीय." मी मनात जुळवत होते. काळं, पण चांगलं. काळं, पण चांगलं. मग वाईट काळं कसं ओळखायचं?

"जिथे पिशवी नाही, नळी नाही, आणि तरी काळं, ते वाईट," ते म्हणाले, मी न विचारताच. "आता बघू. लिव्हर आणि मूत्रपिंड यांच्या मधे. उताण्या माणसाच्या पोटात पाणी झालं की इथेच आधी उतरतं. मावशी, जरा तिकडं कलवा."

सासूबाईंनी एक गुडघा थोडा उचलला. पोर कलली. हात थांबला नाही.

पडद्यावर वर रवा, खाली घेवड्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड. त्या दोघांच्या मधे मी डोळे फाडून बघत होते. एक बारीक पांढरी रेघ होती. दोघं चिकटून होते. डॉक्टरांनी ठोकळा वाकवून, दाबून, सरकवून पाहिला. रेघ पांढरीच राहिली.

"इथे नाही. खाली एकदा पाहतो. बसतं उठतं मूल आहे, खाली ओटीपोटात साचू शकतं."

ठोकळा बेंबीखाली गेला आणि तिथे सगळ्यांत मोठं काळं होतं. गोल, टपोरं.

"लघवीची पिशवी," डॉक्टर म्हणाले, "पण ही इतकी भरलीय की मागे पाणी दडलंय का तेच..."

ते वाक्य पुरं झालं नाही. आजीच्या हाताखाली निवांत झालेल्या ठमीनं तेलाच्या वेळी रोज करायची तेच केलं. धार उडाली, डॉक्टरांच्या बाहीवर, ठोकळ्यावर, सासूबाईंच्या लुगड्यावर.

"अगो बाई!" आयाबाई फडकं घेऊन धावल्या.

"हात काढू नका जी!" मी ओरडले. डॉक्टरांवर ओरडले! पण त्यांनी काढलाच नव्हता. ते पडद्याकडे बघत होते आणि मीही. ते काळं आमच्या डोळ्यांदेखत लहान होत होतं. फुग्यातली हवा जावी तसं, गोलाचं लिंबू झालं, लिंबाची सुपारी झाली. मग एक चपटी चीर. तिच्या मागे, खाली, बाजूला, जिथे काळं उरायला हवं होतं तिथे करडं आतडं वळवळत होतं.

डॉक्टरांनी बराच वेळ ठोकळा फिरवला. बाहीतून टपटप चाललं होतं.

"पाणी नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जपून, "आज नाही."

सासूबाईंचा हात पहिल्यांदा थांबला. "काय म्हणते?"

"पाणी नाही निघालं, आई."

"एवढं त माह्या लुगड्यावर निघालं," त्या म्हणाल्या, आणि पदरानं ठमीचं पोट पुसायला लागल्या. पुसतच राहिल्या.

घाटेबाईंनी त्याच आठवड्यात औषध सुरू केलं. मुंबईहून यायचं, कॅप्सूल फोडून, पाण्यात कालवून, उपाशीपोटी द्यायचं. ठमी ते आधी थुंकायची, मग नुसतं तोंड वाकडं करायची. त्या औषधानं मूत्रपिंडाला इजा होऊ शकते म्हणून लघवी उकळून गढूळ होते का ते मला घरी बघायला सांगितलं होतं. माझी परीक्षानळी आता गॅसवर असायची. सासूबाई नाक मुरडायच्या, पण नळी स्वच्छ निघाली की "दाखव," म्हणून हातात घ्यायच्या.

दुधाच्या पेल्याचंही मी घाटेबाईंना विचारून घेतलं होतं. "निळं का नाही आलं?"

"तुमच्या नवसागरानं दिसावं इतकं त्यात नसतंच हो. रोज थोडं थोडं जातं. आणि दुधातलं प्रथिन ते धरून ठेवतं, सोडत नाही. म्हणून चवीलाही लागत नाही." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण घरी करून पाहिलंत, हे मला आवडलं."

मार्चमध्ये रक्त गोठण्याचा वेळ सुधारला आणि त्यांनी सुई घातली. तुकड्यात तांबं सापडलं. मनोहरनं ते घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई उमरेडवरून जाणारी एसटी पकडून भिवापूरला गेल्या. जयवंताकडे मुक्काम केला. दोघींचं काय बोलणं झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण नंतर तिकडून आलेला प्रत्येक माणूस सांगायचा की तुमची आई लेकुरवाळ्या घरात शिरते, विचारपूस न करता सरळ दुधाचा गंज वाकून बघते, आणि कल्हई गेलेली दिसली की त्या बाईला फैलावर घेते. गावातले पोट्टे तिला कल्हईवाली म्हणायला लागलेत. "म्हणू दे न गा," त्या परत आल्यावर म्हणाल्या, "लेकरू त जगते."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रामदासपेठ. नागपूरचं ऊन म्हणजे रिक्षाच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. ढोबळे डॉक्टरांनी आम्हाला पाहिलं आणि आयाबाईंना सांगून फरशीवर सतरंजी घातली. बाह्या आधीच दुमडल्या.

ठमी या वेळी रडली नाही. उलट निजायलाच तयार नव्हती, उठून पडदा धरायला बघत होती. सासूबाईंनी दटावून आडवी केली. तेल, हात, मागून ठोकळा.

"मागे कुठवर होतं हे?" डॉक्टर कड शोधत होते.

"इथं." मी बोट ठेवलं. रेघ कधीच पुसली होती, पण जागा मला डोळे मिटून सांगता आली असती.

"आता इथे आहे." त्यांचं बोट माझ्या बोटाच्या वर टेकलं. मधे पोरीच्या पोटाची पट्टी मोकळी होती, मऊ. मी ती दाबून पाहिली.

लिव्हर आणि मूत्रपिंडाच्या मधे पांढरी रेघ. खाली काही नाही. पानथरी पूर्वीपेक्षा लहान.

"बरी झाली म्हणायचं का?"

डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं नाही. त्याबद्दल मला ते आवडले. "रवा अजून आहे, बघा ना. थोडा बारीक झालाय असं मला वाटतंय, पण वाटणं वेगळं. कडक झालेलं किती मऊ होतं, पुढे काय होतं, एवढी मुलं एवढी वर्षं कुणी पाहिलेलीच नाहीत अजून. आपण पाहत राहू. दिवाळीत या."

"दिवाळीले पाणी निघालं त?" सासूबाईंनी विचारलं.

"तर तेव्हा सांगेन, मावशी. आज नाही एवढं नक्की."

त्यांनी मशीन बंद करायला हात लांब केला. मी म्हटलं, "थांबा ना थोडं. एकदा नीट बघू द्या."

ते सरकले. मी सतरंजीवर बसून घेतलं. समोर तो करडा पंखा, त्यात श्वासाबरोबर सरकणारी कड, मधून जाणारी काळी नळी, चांगली काळी. सासूबाईंचा हात पोटाच्या बाजूनं वर गेला आणि त्या मऊ पट्टीवर बोटं फिरली. ठमीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली, आणि पडद्यावर तिचं आतलं सगळं एकदम हिंदकळायला लागलं.